ह्यांना आवडत नाही

स्टुटगार्ट,
१२ ऑक्टोबर २०१४

चि. स्पृहा,

ईमेलला तू उत्तर देत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद फाडायचा म्हटला तरी आधी हातात धरावा लागतो.

मागच्या रविवारी तुझ्याकडे फोन करून न बोलता ठेवून दिला, ती मीच. अवनीनं उचलला. साडेचार वर्षांत नातीचा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि ती काय म्हणाली तेच मला कळलं नाही. "या-आ-तेह" असं काहीतरी. तिनं परत म्हटलं, मोठ्यानं, मी बहिरी असल्यासारखं. मागून तू इंग्रजीत विचारलंस कोण आहे म्हणून, आणि मी घाबरून फोन ठेवला. बासष्टाव्या वर्षी पोरटोरांसारखं वागले.

वरच्या मजल्यावर मीनल म्हणून एक मुलगी राहायला आली आहे. पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमची ओळख जिना झाडण्यावरून झाली. तिला केरवोख माहीतच नव्हता. दारावर पाटी लागली की त्या आठवड्यात जिना आपण पुसायचा, हे मी तिला समजावलं. तिला म्हटलं, माझी लेक अ‍ॅरिझोनात असते, जावई तिथल्या मूळच्या नावाहो लोकांपैकी, नात त्यांची भाषा बोलते, मला चार शब्द शिकव. ती म्हणाली, काकू, मलाच येत नाही, पण शोधते. तिनं एक पान शोधून दिलं. त्यावर रोजची दहाबारा वाक्यं आहेत आणि बटण दाबलं की एक बाई ती बोलून दाखवते. बरं आहे का, मी बरी आहे, मला हे आवडतं, तुला हे आवडतं का. बस, एवढंच. मी वहीत देवनागरीत उतरवून घेतली आहेत. एक अक्षर असं आहे की जीभ ल म्हणायला लावायची आणि नुसता वारा सोडायचा. माझी कवळी हलते.

अवनीसाठी पार्सल पाठवलं आहे. गोधडी शिवली. तुझ्या बाबांच्या शर्टांची. ते गेल्याला आठ महिने झाले, कपाट तसंच होतं, काय करायचं कळेना. निळा चौकड्यांचा शर्ट मधोमध घेतला आहे, तुला आठवत असेल. नवीन कापड एक इंचही नाही, सगळं धुऊन धुऊन मऊ झालेलं. आजोबांची ऊब मिळेल पोरीला.

तू मला दोष देतेस हे मला माहीत आहे. पण तुझ्या बाबांना ते लग्न पचलं नाही, त्यांच्या स्वभावापुढे कुणाचं काय चाललं आहे आजवर? मी मधल्यामध्ये काय करणार होते?

संध्याकाळी पावणेसहाला अजून मी चहाचं आधण दोघांचं ठेवते. ती त्यांची एस-बान, म्हणजे लोकल, यायची वेळ. कुलपात किल्ली फिरल्यासारखं होतं. मी जाऊन बघत नाही.

आई


३० नोव्हेंबर २०१४

चि. स्पृहा,

पार्सल मिळालं असणार, पोस्टाच्या साइटवर तसं दिसतं. सही कुणाची आहे ते वाचता येत नाही.

माझा अभ्यास जोरात चालू आहे. या-आ-तेह म्हणजे नमस्कार, अवनी तेच म्हणत होती. अहेहे म्हणजे आभारी आहे. याआनिश्तेह म्हणजे मी बरी आहे. परवा आल्डी सुपरमार्केटच्या रांगेत उभी असताना तोंडातल्या तोंडात म्हणत होते, तर पुढच्या बाईनं वळून बघितलं आणि "या, या" म्हणाली, म्हणजे जर्मनमधलं हो, हो. तिला काय वाटलं कुणास ठाऊक.

"मला आवडतं" या वाक्यापाशी मात्र घोडं अडलंय. त्यात आधी ती वस्तू म्हणायची आणि मग शिल्ह या-आ-तेह. म्हणजे ती वस्तू माझ्याशी चांगली आहे, असं काहीसं, मीनल म्हणते. तिनं सराव घ्यायला सुरुवात केली. काकू, कॉफी? मी म्हटलं, ह्यांना कॉफी लागायची, मी चहावाली. मग चहा म्हणा. म्हटलं, चहाही ह्यांच्याच चवीचा, बिनसाखरेचा, आता सवय झाली. ती म्हणाली, काकू, ह्यांचं नको, तुम्हाला काय आवडतं ते एक सांगा, कुठलंही. मी पंधरा मिनिटं बसले. बासुंदी आठवली, ती ह्यांची. डोंगरावर फिरायला जाणं आठवलं, तेही ह्यांचंच. शेवटी चिडून म्हटलं, मला सगळंच आवडतं, तू पुढचं वाक्य घे.

तिनं मग सहज विचारलं, तुमच्याकडे कुणी पाहुणे आलेत का. म्हटलं, नाही, का? तर म्हणाली, दुपारी मी घरून काम करते तेव्हा खालून खोकला ऐकू येतो, पुरुषाचा. मीनल सप्टेंबरात राहायला आली, स्पृहा. तिनं तुझ्या बाबांना पाहिलेलं नाही, नुसता हार घातलेला फोटो पाहिलाय. त्यांना खोकला होता हे मी तिला कधीच सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, रेडिओ असेल.

मला भीती वाटत नाही असं नाही. वाटते. पण भीतीपेक्षा असं वाटतं की ते काहीतरी विचारणार आहेत. माणूस विचारायच्या आधी घसा साफ करतो ना, तसं ऐकू येतं. मी टीव्ही मोठा लावते.

गोधडी कशी वाटली तेवढं कळव.

आई


१७ जानेवारी २०१५

स्पृहा,

पार्सल परत आलं. दारात पोस्टमन उभा, हातात तोच खोका, वर माझंच अक्षर. मला आधी वाटलं पत्ता चुकला. उघडलं तर घडीसुद्धा मोडलेली नाही. आत तुझी चिठ्ठी.

मुलीच्या सासरी माहेरची वस्तू नाकारतात हे मी ऐकलं आहे, पण हे असं? आजोबाच्या अंगावरचं कापड नातीला चालत नाही? आपल्याकडे बाळाला पहिलं दुपटं जुन्या कापडाचंच करतात, नव्याचं नाही. माझ्या आईनं तुझ्यासाठी तिच्या आईच्या लुगड्याचं शिवलं होतं आणि तिची आई तेव्हा जाऊन चार वर्षं झाली होती. तुला त्यानं काही बाधलं का? चांगली धडधाकट वाढलीस.

तू लिहितेस, "सासूबाई वारलेल्या माणसाच्या वस्तू घरात ठेवत नाहीत, त्याचं नावही उगाच घेत नाहीत. त्यानं तो अडकून पडतो असं त्या मानतात. त्यांनी गोधडी तुच्छतेनं परत केलेली नाही, घाबरून केली आहे. तुला वाईट वाटेल, पण अवनीला ती पांघरता येणार नाही." ठीक आहे. ज्याच्या त्याच्या रीती. मी न विचारता पाठवली, चूक माझी, घे कबूल. डॅरेलच्या आईला सांग, मुद्दाम केलं नाही.

पण तू पुढे जे लिहिलं आहेस ते सासूबाईंचं नाही, ते तुझं आहे. "आई, एक पत्र असं लिही, ज्यात बाबा मध्ये नाहीत. जे म्हणायचंय ते तुझं तू म्हण. तसं पत्र आलं तर मी अवनीला फोन देईन. नाही आलं तर परत लिहू नकोस."

अट घालतेस? आईला?

चाळीस वर्षांच्या संसारातून नवऱ्याला काढून उरलेलं लिही म्हणे. काय उरणार आहे? मी इथे आले ती त्यांच्या नोकरीपायी, जर्मन शिकले ती त्यांच्या ओरडण्यापायी, एकटी राहते ती त्यांच्या जाण्यापायी. मला नाही जमणार. आणि मला ते का लिहायला सांगतेस हेही मला कळत नाही.

खोका दारातच ठेवला आहे. आत घेतलेला नाही.

विभावरी


१ फेब्रुवारी २०१५

चि. स्पृहा,

सही तशी केली त्याबद्दल वाईट वाटलं. रागात हात चालला.

आठ दिवस प्रयत्न करते आहे. एक वाक्य लिहिते, त्यात "तुझे बाबा" येतात, खोडते. तीन कागद असे गेले. मग मीनलची युक्ती केली, आवडणाऱ्या गोष्टी लिहायच्या. त्याही सुचेनात. मग म्हटलं, न आवडणाऱ्या लिहू. त्या मात्र भराभर आल्या, आणि तिथेच घोळ झाला.

मला डोंगरावर चालायला आवडत नाही. गुडघे दुखतात आणि कंटाळा येतो. मला मंडळाच्या गणपतीत पोळ्या करायला आवडत नव्हतं. मला तुझ्या सुधीरकाकाची मंडळी महिनाभर राहायला येणं आवडत नव्हतं. पण मी हे कधी कुणाला म्हटलं नाही. मी काय म्हणायचे आठवतं? "ह्यांना चालत नाही हो." "ह्यांना पथ्य आहे." "ह्यांना घरात गर्दी आवडत नाही." सुधीरभावजी अजून समजतात की त्यांचा सख्खा भाऊ माणूसघाणा होता. तो बिचारा विमानतळावर त्यांना आणायला जायच्या तयारीत, आणि मी इकडे फोनवर सांगितलेलं असायचं की ह्यांना बरं नाहीये.

सगळ्या बायका असंच करतात, स्पृहा. माझी आई करायची. त्यात खोटं बोलल्यासारखं वाटतच नाही. नवरा पुढे केला की बाई चांगली राहते. तुझे बाबा हे ओळखून होते. एकदा हसत म्हणाले होते, माझ्या नावावर तू किती जणांना घालवलंस याची मला यादी दे, म्हणजे रस्त्यात भेटले तर माफी मागता येईल.

बघ, आले ते परत पत्रात.

आता पुढचं लिहायचं तर मला पाणी प्यायला उठावं लागेल. उठते. आज एवढंच.

आई


२२ फेब्रुवारी २०१५

चि. स्पृहा,

गुरुवारी वर्षश्राद्ध झालं. फ्रँकफुर्टहून गुरुजी आले होते. पान वाढून बाल्कनीत ठेवलं, इथले कावळे भित्रे, कुणी शिवेना. तासभर वाट पाहिली. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर मनात बोला, की ती मी पूर्ण करीन. मी बोलले नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पानाला शिववला आणि गाडी गाठायला निघून गेले.

ती इच्छा कुठली ते मला ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे.

२००९ च्या मे महिन्यात तू फोन केलास की तू आणि डॅरेल लग्न करताय आणि आधी इथे येऊन भेटायचं आहे. मी तुला म्हटलं, बाबांना हे चालणार नाही, ते म्हणतात या घरात पाऊल ठेवू नको. बाबा त्या वेळी खाली केलरमध्ये, तळघरात, सायकलीच्या चाकात हवा भरत होते. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. ते वर आले, हात धुतले, विचारलं कुणाचा फोन. मी म्हटलं, राँग नंबर.

महिन्यानं त्यांना सांगितलं की तू परस्पर लग्न केलंस आणि आपल्याला कळवलंही नाहीस. त्यांनी एवढंच विचारलं, मुलगा कसा आहे, हसरा आहे का. मी म्हटलं, मला काय माहीत.

अवनी झाली तेव्हा त्यांनी दोन तिकिटं काढली. फ्रँकफुर्ट ते फीनिक्स. बॅग भरून ठेवली, त्यात बाळासाठी लाकडी खुळखुळा. मी त्यांना म्हटलं, मी स्पृहाशी बोलले, ती म्हणते येऊ नका, तिला तुमचं तोंड बघायचं नाही. मी तुला फोनच केला नव्हता. त्यांनी तिकिटं रद्द केली. म्हणाले, तिचं बरोबर आहे. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यापाशी काढला नाही.

आणि मागच्या फेब्रुवारीत. दुसऱ्या ऑपरेशननंतर त्यांना फोन धरवत नव्हता. मला विचारलं, स्पृहाला कळवलंस? मी म्हटलं, कळवलं. येते म्हणाली? मी म्हटलं, नाही म्हणाली. ते म्हणाले, ठीक आहे. माझ्या हातावर हात ठेवला. त्यानंतर ते चार दिवस जिवंत होते. तू दुसऱ्या दिवशी विमानात बसली असतीस. मी तुला कळवलं ते सगळं उरकल्यावर, तिसऱ्या दिवशी, आणि तेव्हाही म्हटलं की बाबांचीच तशी इच्छा होती.

का केलं ते विचारशील. ह्यांना आवडलं नव्हतं म्हणून नाही. मला आवडलं नव्हतं. मला. मुलगा न बघताच आवडला नव्हता. मंडळातल्या बायका काय म्हणतील हे होतं. आणि दुसरं एक होतं. तू लहानपणापासून प्रत्येक गोष्ट आधी बाबांना सांगायचीस, मला त्यांच्याकडून कळायची. ही एक गोष्ट तू पहिल्यांदा मला आधी सांगितलीस. आणि मी तिचं हे केलं.

एकदा खोटं बोलले आणि मग ते मोडायला तोंड उघडेना. दर वर्षी वाटायचं, आता सांगू. मग ते गेले आणि मला वाटलं, सुटले. सुटले नाही. दुपारचं घरात बसवत नाही. ते खुर्चीत असतात, दारात असतात, आणि काही विचारत नाहीत.

बाबांना मध्ये न घेता लिही म्हणाली होतीस. ते मला जमलेलं नाही. पण या पत्रात मी त्यांच्या आड उभी नाही. आता तू अवनीला फोन दे किंवा देऊ नकोस. नाही दिलास तर मी समजून जाईन.

आई


९ मार्च २०१५

चि. स्पृहा,

काल पाच वाजता फोन वाजला तेव्हा मला वाटलं मीनल आहे. तुझा श्वास ऐकून ओळखलं. मग तू म्हणालीस, "आई, बाबांना सगळं माहीत होतं."

मला ते आधी नीट ऐकूच आलं नाही. तू परत सांगितलंस. तिकिटं रद्द केली त्याच दिवशी त्यांनी तुला फोन करून विचारलं होतं, मी असं काय केलं गं, माझं तोंडही नको म्हणालीस? आणि तू म्हणालीस, कुणी सांगितलं तुम्हाला, आईचा तर मला फोनच नाही. त्या दिवसापासून दर शनिवारी बाजारात जाताना ते तुझ्याशी बोलायचे. चार वर्षं. मी पिशवीत भाजी बघायची आणि म्हणायची, एवढा उशीर? ते म्हणायचे, रांग होती.

मी तुला विचारलं, मग मला का नाही बोलले? तू म्हणालीस, "त्यांनी मला शपथ घातली होती. म्हणायचे, मी तोंडावर बोललो तर ती पुन्हा मान वर करणार नाही. तिचं तिला सांगू दे, तोवर आपण थांबू." पहिल्या ऑपरेशनच्या आधी त्यांनी तुला सांगितलं होतं की साधं आहे, काळजी करू नको, उन्हाळ्यात एकटाच येतो. आणि मग शनिवार गेला आणि फोन आला नाही.

म्हणजे हॉस्पिटलमध्ये मला विचारलं तेव्हा त्यांना उत्तर माहीत होतं. "येणार नाही" असं तू कधीच म्हणणार नाहीस, हे त्यांना माहीत होतं. ते तुझ्याबद्दल विचारतच नव्हते. मला एक संधी देत होते, शेवटची, आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघून "नाही म्हणाली" असं सांगितलं. आणि ते ठीक आहे म्हणाले. मी काल रात्रभर आणि आज दिवसभर तेवढे दोन शब्द ऐकते आहे. त्यात राग असता तर बरं झालं असतं.

तू म्हणालीस, तुला मला माफ करता येईल की नाही, ते तुला माहीत नाही. ते खरं बोललीस. मी माफी मागितलीही नाही.

मग तू अवनीला फोन दिलास. देशील असं वाटलं नव्हतं. तिनं आधी या-आ-तेह म्हटलं, मी म्हटलं. मग ती काहीतरी लांबलचक बोलली, त्यातलं एकच कळलं, या-आ-नी-तेह-इश. बरी आहेस का. याचं उत्तर मला झोपेतून उठवलं तरी येतं, ऑक्टोबरपासून घोकते आहे. तोंड उघडलं आणि ते निघेना. मी म्हटलं, न्दगा. नाही.

तिला बहुतेक असं उत्तर कुणी देत नसेल. मग तिनं तुला इंग्रजीत सांगितलं की आजी बरी नाहीये, आणि तू फोन घेऊन मराठीत विचारलंस, "काय होतंय, आई?"

मी "काही नाही" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. सवयीनं.

ते खोटं होतं, स्पृहा. एकदा परत विचार.

आई